नांगराखालची दुसरी ओळ

आमच्या इस्टेटीच्या, म्हणजे तोफगोळ्यांच्या फॅक्टरीच्या वसाहतीच्या, मैदानात एक नांगर उभा आहे. शेतातला नव्हे, जहाजाचा. जबलपुरात जहाजाच्या नांगराचं काय काम, असं नवा माणूस हमखास विचारतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. इथून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र दिसायला गाडीत एक दिवस आणि एक रात्र काढावी लागते. आमच्याकडे पाणी म्हणजे नर्मदा, आणि तीही सायकलवर तासाच्या वर.

हा नांगर फॅक्टरीच्या लोहारखान्यातल्या लोकांनी सुटीच्या दिवशी येऊन भंगाराच्या लोखंडातून घडवला. त्यांच्यापैकी एकानेही खरा नांगर पाहिलेला नव्हता. नौसेनेतल्या माझ्या भावाचा एक जुना सदरा घरी होता, त्याच्या बाहीवर नांगराचं चित्र होतं. तो सदरा नेऊन त्यांनी मापं काढली. त्यामुळे नांगर झाला आहे तो विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखा. हे मी एकदा मोठ्याने बोलून दाखवलं तेव्हा स्मारक समितीतल्या एका गृहस्थांनी तोंड वाकडं केलं होतं. पण मला तो आहे तसाच आवडतो. ज्यांनी केला त्यांनी मनापासून केला. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून मनापासून जे घडलं ते सांगायला आज इतकी वर्षं उलटावी लागली.

नांगराखाली भेडाघाटच्या संगमरवराची पाटी आहे. वर दोन ओळींत मजकूर आहे, की बांगलादेशच्या वेळच्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीने बुडवलेल्या जहाजावरच्या, या इस्टेटीतल्या वीरांच्या स्मरणार्थ. वीरांच्या, असं अनेकवचन आहे. त्याखाली नाव मात्र एकच. दुसऱ्या नावासाठी कारागिराने आखून ठेवलेली जागा कोरी राहिली. ती का राहिली हे जगात मला एकटीलाच माहीत आहे.

बाबा फॅक्टरीत टूल रूम सांभाळायचे. टूल रूम म्हणजे हत्यारांची खोली. कामगार खिडकीशी येणार, आपल्या नंबरचं पितळी टोकन देणार आणि पाना, ड्रिल, गेज काय हवं ते घेऊन जाणार. टोकन खिळ्यावर लटकणार. हत्यार परत आलं की टोकन परत. हत्यार मोडलं तर मोडलेला तुकडा आणून दाखवायचा, मग ते रद्द होणार. आणि हरवलं तर टोकन लटकतच राहणार, कारण तुकडा दाखवल्याशिवाय बाबा कुठलीही वस्तू रद्द करत नसत. ‘बाहेर आहे’ एवढंच म्हणत. नोकरीला लागल्यापासून त्यांनी हा नियम पाळला आणि त्यापायी कितीतरी लोकांशी वाकडं घेतलं. चांगला माणूस होता माझा बाप, पण नियमापुढे त्याला कोणी दिसत नसे.

भाऊ नौसेनेत गेला तेव्हा सगळ्यांनी बाबांना वेड्यात काढलं. फॅक्टरीत लावून द्यायचं सोडून पोराला समुद्रावर पाठवता? पण तो आणि क्वार्टरांच्या पुढच्या लाइनीतला त्याचा मित्र, दोघं मिळून भरतीला गेले होते आणि दोघांचीही निवड झाली होती. त्या मित्राचं घर सागर जिल्ह्याकडचं, हिंदी बोलणारं. त्याच्या वडिलांना आम्ही चाचा म्हणत असू. जायच्या दिवशी बाबांनी, ज्यांना आयुष्यात कोणी थट्टा करताना पाहिलं नव्हतं, एक पितळी टोकन आणलं. त्यावर नंबर चुकीचा ठोकला गेला होता म्हणून ते बाद झालेलं होतं. दाराजवळच्या खिळ्याला त्यांनी ते अडकवलं आणि म्हणाले, “बाहेर गेलाय. परत आला की काढू.” तेव्हापासून आमच्याकडे ती रीतच पडली. भाऊ सुटीवर आला की चपला काढायच्या आधी खिळ्यावरचं टोकन काढून बाबांच्या हातावर ठेवायचा. निघताना बाबा ते पुन्हा अडकवायचे. आम्ही सगळे हसायचो.

लग्नानंतर तो दोनदाच आला. वहिनी बालाघाटची, मॅट्रिक झालेली, माझ्याच वयाची. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं आणि त्या फार कमी बोलत, या दोन्ही गोष्टींचा मला राग यायचा. खरं कारण निराळंच होतं. आठवड्याला येणारी भावाची पत्रं आधी माझ्या नावाने यायची, ती आता त्यांच्या नावाने यायला लागली होती. आम्ही एकाच खोलीत झोपायचो, एकाच आरशात बघून वेणी घालायचो. त्या मला ताई म्हणायच्या आणि मी त्यांना अहोजाहो करायची. वरून सगळं व्यवस्थित होतं.

मग युद्ध लागलं. फॅक्टरीचा भोंगा कधी वाजतो आणि कधी नाही हेच कळेनासं झालं. बाबा बारा बारा तास कामावर असत. दिवसभर तोफगोळ्यांची चाचणी चाले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचे पितळेचे डबे थरथरत राहत. त्या आवाजाने आम्हाला बरं वाटायचं, हे आज लिहितानाही लाज वाटते. आपल्याकडे एवढे गोळे आहेत, मग आपल्या माणसाला काय होणार, असं माझं साधं गणित होतं. समुद्राच्या पोटातून काही येऊ शकतं हे आमच्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

तार दुपारी आली. इंग्रजीत होती. मी वाचली आणि आईला काही सांगायच्या आत पुढच्या लाइनीतून चाचींचा आवाज ऐकू आला. त्यांच्याकडेही तीच तार आली होती. बाबांना फॅक्टरीतून बोलावून आणलं. त्यांनी उभ्या उभ्या तार वाचली, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. बेपत्ता, आणि मृत असल्याचं समजण्यात येत आहे, असं त्यात होतं. बाबांनी ‘समजण्यात’ या शब्दावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, की समजतात म्हणजे कोणी पाहिलं आहे का? त्यांनी तार घडी करून खिशात घातली आणि खिळ्यावरच्या टोकनाकडे बघितलं.

पुढे एका अधिकाऱ्याचं पत्रही आलं. फार माणुसकीने लिहिलेलं होतं. जहाज फार लवकर बुडालं, खाली इंजिनाजवळ जे होते त्यांना वर येता आलं नाही, असं काहीसं. चाचांनी ते पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी नर्मदेवर ग्वारीघाटला जाऊन मुलाचे विधी सुरू केले. डोकं भादरलेले चाचा आमच्या दारात आले आणि बाबांना हात जोडून म्हणाले, की भाईसाहब, बच्चे साथ गए थे, साथ ही विदा कर दें. बाबांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं. आणि म्हणाले, “तुकडा दिखा दो भैया. एक बटन, एक जूता, कुछ भी. मैं अभी चलता हूँ.”

चाचा काय दाखवणार? ते उठून गेले.

त्या दिवसापासून आमच्या घरात भाऊ ‘बाहेर’ होता. नौसेनेकडून आलेल्या कागदांवर बाबांनी सही केली नाही. तो येईल असं आईला वाटत होतं की नाही, मला ठाऊक नाही, पण नवऱ्याच्या म्हणण्याचा आधार कोणत्या आईने घेतला नसता? ती जेवताना भावाचं ताट मांडत नसे, एवढं भान तिला होतं. पण त्याचं नाव निघालं की ‘आला की’ असंच म्हणायची. आला की विचारू. आला की त्याच्या हाताने होईल.

हे सगळं वहिनींच्या अंगावर पडलं. कुंकू होतं, मंगळसूत्र होतं आणि नवरा नव्हता. संक्रांतीला इस्टेटीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू असे. पहिल्या वर्षी कोणाला सुचेना, की हिला बोलवायचं की नाही. बोलवावं तर अपशकुन वाटतो, न बोलवावं तर तिला विधवा ठरवल्यासारखं होतं. शेवटी बायकांनी युक्ती काढली. आमच्या घरचं बोलावणं माझ्या नावाने येऊ लागलं, आणि ‘घरातल्या सगळ्या’ असं पुटपुटून बोलावणारी बाई निघून जाई. वहिनी जात नसत. मी वाण घेऊन यायची आणि त्या ते फळीवर ठेवून द्यायच्या.

त्यांचे भाऊ बालाघाटला शाळेत मास्तर होते. उन्हाळ्यात ते न्यायला आले. बहिणीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालतो, ती आपल्या पायावर उभी राहील, असं त्यांनी बाबांना परोपरीने सांगितलं. बाबांनी शांतपणे विचारलं, तो आला आणि म्हणाला, बायको कुठे आहे, तर मी काय सांगू? जाताना ते वहिनींना म्हणाले, की या माणसाशी वाद घालता येत नाही, पण तो गेल्याचं चार लोकांत एकदा जाहीर झालं तर यांचंही काही चालणार नाही. तसं झालं की मला कळव, मी त्याच दिवशी घेऊन जातो.

आणि तसं व्हायची वेळ आली. युद्धाला वर्ष होत आलं तेव्हा कामगारांनी मिळून स्मारकाचं ठरवलं. भेडाघाटचा एक कारागीर येऊन मैदानातल्या निंबाखाली बसला. समितीचे सचिव, असेंब्ली शॉपमधले वयस्कर गृहस्थ, बाबांकडे नाव लिहून मागायला आले. बाबा म्हणाले, माझा मुलगा बाहेर आहे, त्याचं नाव दगडावर नको. सचिव बिचारे खाली मान घालून दारापर्यंत आले. मी आणि वहिनी ओसरीत तांदूळ निवडत होतो. आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, की घरातल्या कोणीही लिहून दिलं तरी चालेल, दुसरी ओळ आखून ठेवतो. बायकोनं दिलं तर तिचा हक्क पहिला.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले तेव्हा वहिनींनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. “ताई, तेवढी मैदानात देऊन द्याल? मले तिथं जाता येत नाही, सगळे पाहून राहतात.” मी हो म्हणाले आणि निघाले. मैदान वाटेतच होतं. कारागीर छिन्नीवर हातोडी मारत होता आणि चाचा त्याच्याजवळ उकिडवे बसून मुलाच्या नावाची अक्षरं उमटताना बघत होते.

मी चिठ्ठी उघडली. ती बंद नव्हती, आणि मी उघडीन असं त्यांच्या मनातही आलं नसेल. भावाचं पूर्ण नाव, त्याचा हुद्दा, खाली वहिनींची सही आणि तारीख. सगळं त्या मोत्यासारख्या अक्षरात. आणि नावाच्या आधी ‘कै.’ लिहिलं होतं.

ते दीड अक्षर बघून माझं डोकं फिरलं. आमच्या घरात ते अक्षर वर्षभर कोणी उच्चारलं नव्हतं, आणि या बाईने ते न अडखळता, कुठेही शाई न फुटू देता लिहिलं होतं. मला वाटलं, हिला घाई झाली आहे. हिला बालाघाटला जायचं आहे, त्यासाठी हिला माझा भाऊ मेलेला हवा आहे. मी एकवीस वर्षांची होते, हे कारण म्हणून सांगत नाही. वहिनीही एकवीस वर्षांच्याच होत्या.

मी चिठ्ठी वहीच्या खाकी कव्हराच्या आत सरकवली आणि चालू लागले. संध्याकाळी त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, दिली. त्यांनी मान हलवली आणि पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. त्याच रात्री त्यांनी बालाघाटला आपल्या भावाला पत्र लिहिलं असावं, कारण अनावरणाच्या दिवशी सकाळी ते सायकल रिक्षा करून स्टेशनवरून सरळ मैदानात आले.

अनावरणाला सगळी इस्टेट लोटली होती. आईला बाबांनी आणलं होतं, का ते कळलं नाही. मुलाच्या मित्रासाठी, असं ते म्हणाले. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन, तोंड अर्धं झाकून माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांची ट्रंक भरून तयार आहे हे मला माहीत होतं, मी सकाळीच ती पाहिली होती. पाटीवर पांढरी चादर होती. फॅक्टरीच्या साहेबांनी दोन शब्द सांगितले आणि चाचांना पुढे बोलावलं. चाचांनी दोरी धरली. तेव्हा वहिनींनी पदर मागे घेतला.

त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं. गळा मोकळा होता. हातांत बांगडी नव्हती. घरातून निघताना हे सगळं त्यांनी एकटीने, त्या आमच्या एका आरशासमोर, केलं असणार. नवऱ्याचं नाव दगडावर दिसेल तेव्हा आपण कोण आहोत हे चार लोकांत उघड व्हावं, लपवाछपवी संपावी, असं त्यांनी ठरवलं होतं. एका माणसाने ठरवण्याच्या मानाने ते फार मोठं होतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहून ते पाहिलं.

चादर खाली आली. एक नाव होतं. त्याखाली आखलेली ओळ कोरी.

लोक पाटीकडे बघत होते, मग एकेक करून वहिनींच्या कपाळाकडे बघू लागले. सचिवांनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. चिठ्ठी लिहिली गेली होती हेच त्यांना माहीत नव्हतं, तर ते काय विचारणार? वहिनींचे भाऊ गर्दीतून पुढे यायला निघाले, पण त्यांच्याआधी आई पोचली. आईने आपल्या कपाळावरचं कुंकू बोटाने पुसून घेतलं आणि वहिनींच्या कपाळावर टेकवलं. ते वाकडं लागलं, भुवईपर्यंत ओघळलं. “माझा मुलगा यायचाय अजून,” आई म्हणाली. ती ओरडली नाही, तिने हात उगारला नाही. घरी पाहुण्यांना सांगावं तशी म्हणाली.

तेवढ्यावर सगळं संपलं. वहिनींचे भाऊ दोन तास ओसरीत बसून राहिले, मग एकटेच रिक्षाने परत गेले. जाताना वहिनींना म्हणाले, की तू लिहिलंस म्हणून मी आलो. मला वाटलं, आता माझ्याकडे बोट दाखवतील. त्यांनी दाखवलं नाही. समितीने ऐनवेळी माघार घेतली असेल, बाबांना घाबरले असतील, असं काहीतरी त्यांनी धरून घेतलं असावं, अशी मी माझी समजूत करून घेतली. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या. माझ्या लग्नात हातावर मेंदी त्यांनीच काढली.

बारा वर्षं गेली. एवढं लिहायला एक ओळ लागते. माझं लग्न झालं, मी जबलपुरातच अधारतालला राहायला गेले, मला दोन मुलं झाली. त्या त्याच खोलीत राहिल्या. बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडून इस्टेटीच्या बाहेर दोन खोल्या घेतल्या, आणि टोकन तिथल्या दाराजवळच्या खिळ्यावर गेलं. वहिनींचे केस तिशीतच पांढरे व्हायला लागले. मी माहेरी गेले की त्या माझ्या मुलांना अक्षर गिरवायला शिकवायच्या, आणि त्यांचा हात मुलांच्या हातावर फिरताना बघून मला तिथे बसवत नसे. चांगली शिक्षिका झाल्या असत्या. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला मोजदाद नाही.

मग एका गुरुजींनी बाबांना सांगितलं, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, त्यानंतर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात, तसं शास्त्रच आहे. बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, बोलताना जीभ जड होत होती. ते म्हणाले, नियम आहे तर मग करायला हवं. वाद नाही, रडणं नाही. इतकी वर्षं त्यांना एखादा नियमच हवा होता, आणि आम्ही सगळे त्यांच्याशी मायेच्या गोष्टी बोलत बसलो.

ग्वारीघाटला पळसाची पानं मांडून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून माझा भाऊ तयार केला. बाबांना दोघांनी धरून बसवलं होतं. अग्नी द्यायच्या आधी त्यांनी खिशातून टोकन काढलं आणि पानांवर, छातीच्या जागी ठेवलं. पानं किती पटकन जळतात! आम्ही वाटेत होतो त्याहून कमी वेळात सगळं झालं. राखेत हाडं नव्हती. काळं पडलेलं टोकन होतं. वहिनींनी पुढे होऊन ते उचललं, गार नसावं, कारण त्यांनी ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, आणि बाबांच्या समोर धरलं.

“बाबा, हा घ्या तुकडा,” त्या म्हणाल्या.

बाबा तेव्हा रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

घरी आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. आता नाव लावून घे, म्हणाले. कारागिराचा मुलगा ते काम करतो, समितीला घरचं लेखी द्यायचं, एवढंच. मी वहिनींकडे गेले आणि सांगितलं, की दोन ओळी लिहून द्या. त्यांनी ट्रंक उघडली. तीच ट्रंक. तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याखालून एक घडीचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मला तो उघडावा लागला नाही.

“नवीन काहून लिहू?” त्या म्हणाल्या. “लिहून ठेवलेली आहे ना.”

ती वह्यांबरोबर रद्दीत गेली असं मी इतकी वर्षं समजत होते. कधी सापडली, विचारलं. त्या म्हणाल्या, अनावरणानंतरच्या उन्हाळ्यात. माझ्या वह्या रद्दीत द्यायच्या होत्या, तर कव्हरं फळीवर अंथरायला होतील म्हणून त्यांनी काढून घेतली होती. म्हणजे माझ्या हातावर मेंदी काढताना त्यांना माहीत होतं. माझ्या मुलांचा हात धरून गिरवताना माहीत होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? मला मारायचं होतंत, बाबांना सांगायचं होतंत, तुमच्या भावाला लिहायचं होतंत.

त्यांनी बराच वेळ ट्रंकेतले कपडे सारखे केले. मग म्हणाल्या, “ताई, तुम्हाला काय बोलू? चादर पडली अन् नाव नव्हतं, तर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. वाटलं, दगडावर नाही म्हणजे येतील. एक घडीच वाटलं. पण वाटलं ना. मग कोणत्या तोंडानं बोलत होती मी?” आणि ट्रंक बंद करून म्हणाल्या, “पण आता हीच द्या. दुसरी मी लिहून देणार नाही.”

त्या शिक्षा देत नव्हत्या. माझी त्यांच्याशी ओळख तेवढी नक्कीच होती. जे खरं घडलं ते जसंच्या तसं जागेवर जावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण चिठ्ठीवर तारीख होती. ती दिली असती तर समितीने विचारलं असतं, ही बारा वर्षं कुठे होती? ते बाबांच्या कानावर गेलं असतं. सुनेने वेळेवर लिहून दिलं होतं आणि आपल्या मुलीने ते दाबलं, हे ऐकून त्या आजारी माणसाचं काय झालं असतं? असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला बाबांची नाही, माझी काळजी होती.

मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. बाबा रोज विचारायचे, नाव लागलं? आठवडाभर मी टाळलं, मग एक दिवस म्हणाले, लागलं, बाबा. त्यांनी चांगल्या हाताने माझा हात दाबला. महिन्याभरात ते गेले. आई पाठोपाठ गेली, तिने त्या मैदानात पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. वहिनी मात्र जात असाव्यात. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. नावाची ओळ कोरीच आहे हे त्यांना दिसत होतं, आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन चहा पीत होते. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या उशीखाली ते काळं टोकन निघालं. ते मी त्यांच्याबरोबरच अग्नीला दिलं. इतकं तरी केलं.

मागच्या वर्षी इस्टेटीत स्मारकाची डागडुजी निघाली. मी बातमी ऐकून गेले होते. आता मला कोणाची भीती नव्हती, विचारणारं कोणी उरलंच नव्हतं. चिठ्ठी पर्समध्ये होती, घडीवर विरलेली, पण अक्षर अजून लख्ख. नांगराला काळा रंग दिला होता. एक तरुण अधिकारी पाटीसमोर उभा राहून पेंटरशी बोलत होता. मला पाहून तो अदबीने पुढे आला आणि विचारलं, की माताजी, आप तो पुरानी लगती हैं यहाँ की, ये नीचे वाली लाइन ख़ाली क्यों छोड़ी थी, कुछ पता है?

माझा हात पर्सच्या चेनवर होता. चेन अर्धी उघडलीही होती. समोर एक अनोळखी, चांगला मुलगा उभा होता, आणि त्याला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

“पता नहीं, भैया,” मी म्हणाले.

तो म्हणाला, काही हरकत नाही, रिकामं बरं दिसत नाही. त्याने पेंटरला खूण केली. पेंटरने ब्रश बुडवला आणि माझ्या भावासाठी आखलेल्या ओळीत, चांगल्या ठसठशीत अक्षरात, ‘जय हिंद’ लिहिलं. रंग वाळेपर्यंत मी तिथेच बाकावर बसून राहिले.